सीएसआर निधीच्या नावाखाली सीमाभागातल्या आरोग्य संस्थांना कसं लुबाडतात

खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या वस्त्यांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, हे बेळगावात सगळ्यांना ठाऊक आहे. अशा गावांसाठी रुग्णवाहिका किंवा फिरता दवाखाना उभा करू पाहणारी छोटी मंडळं नेमकी सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा निधी, मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटांच्या तावडीत सापडतात. गरज खरी असते, हिशेबाला पगारी माणूस नसतो, आणि कागद येतो तो इंग्रजीत किंवा कन्नडात.

फोन येतो तो असा: "ताई, तुमच्या संस्थेची फाईल मुंबईला गेलीय, आरोग्यासाठी ४८ लाख बसतात." आठवडाभरात व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र येतं. मग सुरू होतात हप्ते. आधी पाच हजार फाईल चार्ज, मग पंचवीस हजार प्रकल्प अहवालाचे, मग 'आगाऊ टीडीएस' म्हणजे आधी कापायचा कर, शेवटी स्टॅम्प ड्युटी. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा, कारण आता भरलेले पैसे बुडतील या भीतीनेच माणूस पुढचे भरतो. पैसे जातात कुठल्याशा कन्सल्टन्सीच्या खात्यावर. इकडे मंडळाच्या बायकांची बचत संपलेली असते.

पहिल्याच फोनवर एक वाक्य बोलून बघा: "तुमची जी काय फी असेल ती अनुदानातूनच कापून घ्या." कर लागत असेल तर देणारा तो कापून उरलेली रक्कम देतो, आधी मागत नाही. या वाक्यानंतर बहुतेक साहेबांचा आवाज बदलतो.

खरा निधी कसा येतो ते बघा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. १ एप्रिल २०२१ पासून हे काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्याला सरकारी फी नाही. सीए प्रमाणित करतो त्याची मजुरी तेवढी द्यायची. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाचा पुरावाही लागतो. गेल्या वर्षी नोंदलेल्या मंडळाला कुणी थेट ४८ लाख देऊ करत असेल तर तिथेच थांबा.

मंजुरीपत्रावरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, निवांत वाचा. तो २१ अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला एल किंवा यू, मग पाच अंक, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, तीन अक्षरं आणि शेवटी सहा अंक. पत्रात 'चाळीस वर्षांची परंपरा' आणि क्रमांकात २०२३, अशी गंमत असते. क्रमांक खरा असला तरी तो दुसऱ्याचा उचललेला असू शकतो. म्हणून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी शोधा, आणि पत्रातला नंबर सोडून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा. जीमेलवरून आलेल्या मंजुरीला काडीची किंमत नाही.

आणखी एक खूण आहे. खरा देणगीदार डोकं खातो: कुठली गावं, किती गरोदर बायका, हिमोग्लोबिन कुणी तपासलं, तीन वर्षांचे ऑडिट दाखवा, आम्ही बघायला येतो. भामटा पासबुक आणि आधार मागतो. कामाबद्दल चकार शब्द नाही.

परदेशी ट्रस्टचं नाव सांगितलं तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो पैसा घेताच येत नाही. तोही आधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. 'निपाणीच्या खात्यात टाकतो' म्हणणारा खोटं बोलतोय. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ८६५ सीमाभागातल्या गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याचंही नाव एजंट सर्रास वापरतात. ती रुग्णाच्या उपचाराची योजना आहे, संस्थेला रोख वाटण्याची नव्हे.

याहून वाईट प्रकार म्हणजे पैसे खरंच येतात. "तीस लाख जमा होतील, पंचवीस लाख सांगतो तिकडे वळवा." ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीची रक्कम असते. परराज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर बँक खातं गोठवते, गाडीच्या ड्रायव्हरचा पगार अडकतो आणि विश्वस्तांना चौकशीला बोलावणं येतं. तसंच 'अर्धे रोखीने परत द्या' म्हणणारी कंपनी खरी असली तरी खोटी बिलं तुमच्या सहीची असतात. संस्थेची आयकर सवलतीची (१२ए) नोंदणी जाऊ शकते. कोऱ्या लेटरहेडवर सही, कोरा चेक, डिजिटल सहीची किल्ली यांतलं काहीच कुणाला देऊ नका.

पैसे गेले असतील तर रात्र उलटू देऊ नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूटीआर म्हणजे बँक व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी तक्रार पोचली तर ते रोखता येतात. मग बँकेत लेखी अर्ज आणि सीईएन, म्हणजे सायबर आणि आर्थिक गुन्ह्यांचं पोलीस ठाणं. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहून नेली तर काम लवकर होतं. "एजंट कोल्हापूरचा, तिकडे जा" असं सांगितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी नोंद इथे घ्यावी लागते. चॅट डिलीट करू नका. आणि महिन्याभराने 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, पाच हजार भरा' असा फोन आला, तर तो त्याच टोळीचा समजून १९३० ला कळवा.