ठिबकच्या दुकानाचे हिशेब क्लाउडवर: एका हंगामाच्या वापरानंतर

सांगलीत आमचे ठिबक सिंचनाचे साहित्य, पीव्हीसी पाइप आणि पंपांचे दुकान आहे. गिऱ्हाईक मुख्यतः तासगाव, पलूस, मिरज पूर्व भाग आणि कवठेमहांकाळकडचे द्राक्षबागायतदार. थोडी विक्री खेड्यांतल्या लहान दुकानदारांना. उलाढाल पाच कोटींच्या बरीच खाली असल्याने ई-इनव्हॉइसची, म्हणजे व्यापारी बिले सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची, सक्ती आम्हाला नाही आणि जीएसटीची विवरणपत्रे आम्ही तिमाही योजनेत भरतो. एप्रिल २०२५ पासून दुकानाचे सगळे हिशेब ब्राउझरमधून चालणाऱ्या, वार्षिक वर्गणीच्या एका सॉफ्टवेअरवर आहेत. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका कंपनीची तारीफ किंवा निंदा करायची नसून, आमच्यासारख्या उधारीवर चालणाऱ्या धंद्यात ही व्यवस्था कुठे बसते आणि कुठे बसत नाही, एवढेच सांगायचे आहे. थोडक्यात सांगायचे तर या सॉफ्टवेअरला जीएसटी उत्तम कळतो. द्राक्षाचा हंगाम अजिबात कळत नाही.

बदलाचे कारण जीएसटी नव्हते, पूर होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा अनेक दुकानांतल्या वह्या आणि संगणक एकदमच गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच धावपळ झाली. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की संगणक माडीवर हलवणे आणि टॅली या आमच्या आधीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन घरी नेणे, हा आमचा नेमच होऊन बसला होता. टॅलीबद्दल तक्रार नव्हती आणि आजही नाही. उलट, बिल करण्याचा तो वेग नव्या व्यवस्थेत अजूनही मिळालेला नाही, कारण टॅलीवर आमच्या दिवाणजींचा हात माऊसला लागतच नसे, आणि इथे मात्र एका बिलासाठी चार ठिकाणी क्लिक करावे लागते. काउंटरवर गर्दी असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

नव्या सॉफ्टवेअरवर १ एप्रिललाच जावे, असा आमच्या सीएंचा आग्रह होता आणि तो योग्य ठरला. ३१ मार्चच्या शिलका घेऊन सुरुवात करता येते, बिलांची नवी मालिका त्याच दिवशी सुरू होते आणि वर्षाचे हिशेब दोन ठिकाणी विभागले जात नाहीत. ‘तुमची जुनी माहिती आपोआप येईल’ असे विक्री प्रतिनिधीने सांगितले होते. ती आली, परंतु जशीच्या तशी आली, म्हणजे तिच्यातला वर्षानुवर्षांचा घोळही सोबत आला. एकाच शेतकऱ्याचे एक खाते ‘बाळासो पाटील, कवठेएकंद’, दुसरे ‘पाटील बी. के.’ आणि तिसरे नुसतेच ‘बाळू आण्णा’. दिवाणजींच्या डोक्यात ही तिन्ही खाती एकाच माणसाची होती, म्हणून जुन्या पद्धतीत कधी अडले नाही. सॉफ्टवेअरला मात्र ती तीन माणसे होती, आणि एकाच्या नावावर येणे तर दुसऱ्याच्या नावावर जादा जमा दिसत होती. शेवटी मोबाइल क्रमांक आणि गाव ही खूण धरून सगळी खतावणी हाताने एकत्र करावी लागली. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देणार नाही. ते दुकानातल्या जाणत्या माणसाकडूनच, आणि शक्यतो मार्च संपण्याआधी, करून घ्यावे.

मालाच्या मोजमापाची अडचण आमच्या धंद्याची खास आहे. लॅटरल नळी (पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची बारीक नळी) बंडलात येते आणि मीटरवर विकली जाते. सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला दोन मापे देण्याची सोय आहे, पण त्यांचे गुणोत्तर एकच ठेवता येते, आणि आमच्याकडे ४०० मीटरचीही बंडले येतात व ५०० मीटरचीही. परिणामी, दिसायला एकच असलेल्या १६ मिलिमीटरच्या नळीच्या दोन वेगळ्या वस्तू कराव्या लागल्या, आणि काउंटरवरचा मुलगा घाईत चुकीची निवडतो तेव्हा एकीचा साठा उणे दिसतो. ही गोष्ट चाचणी काळातच तपासून पाहावी, असे मी आवर्जून सांगेन. प्रात्यक्षिकात नेहमी साबण आणि बिस्किटांचे पुडे दाखवतात, ज्यांत असले प्रश्नच येत नाहीत.

आता जमेची बाजू, आणि ती मोठी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ठिबकचे संच, लॅटरल आणि तुषार सिंचनाचे साहित्य १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले; पीव्हीसी पाइप आणि पाण्याचे वीजपंप १८ टक्क्यांवरच राहिले. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलात आता ५ आणि १८ असे दोन दर शेजारीशेजारी बसतात. आधीच्या पद्धतीत हा बदल आम्ही रात्री बसून वस्तूवार केला असता. इथे वस्तूंच्या गटाला नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख देण्याची सोय होती, त्यामुळे २१ तारखेच्या संध्याकाळपर्यंतची बिले जुन्या दराने झाली आणि २२ तारखेला सकाळी दुकान उघडले तेव्हा नवा दर लागलेला होता. खरी परीक्षा मात्र परत आलेल्या मालाची होती. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेले फिल्टर ऑक्टोबरमध्ये परत आले, तर क्रेडिट नोट (परतीच्या मालाची रक्कम वजा करणारे पत्र) जुन्याच दराने निघायला हवी. परतीची नोंद मूळ बिलाला जोडली की सॉफ्टवेअर त्या बिलाचाच दर उचलते; नुसती मोकळी क्रेडिट नोट केली तर आजचा दर लावते. ही जोडणी करण्याची सवय काउंटरवर लावून घ्यावी लागते.

दुसरा लाभ सीएंच्या बाजूने झाला. आमच्या तिमाहीचे जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांवरून आम्हाला मिळणाऱ्या करवजावटीचे विवरण, तिमाही संपल्यानंतरच्या १४ तारखेला तयार होते आणि महाराष्ट्रात तिमाही योजनेतल्यांना ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) भरण्याची मुदत २२ तारखेची असते. मधल्या आठ दिवसांत कोणत्या पुरवठादाराने आपले बिल पोर्टलवर चढवलेले नाही हे शोधून त्याच्या मागे लागावे लागते. पूर्वी आमचा बॅकअप सीएंच्या कार्यालयात पोहोचून, त्यांच्या माणसाला सवड मिळून, आमच्याकडे यादी येईपर्यंत २० तारीख उजाडत असे, आणि तेव्हा पुरवठादाराला फोन करून काही उपयोग नसे. आता त्यांच्याकडे स्वतंत्र लॉगिन आहे आणि न जुळलेली बिले त्यांना व आम्हाला एकाच वेळी दिसतात. मे २०२५ पासून जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात एचएसएनचा (मालाच्या वर्गवारीच्या सांकेतिक क्रमांकांचा) गोषवारा नोंदणीकृत आणि अनोंदणीकृत ग्राहकांसाठी वेगवेगळा द्यावा लागतो. तोही तयार मिळतो. केवळ या एका कारणासाठी वर्गणीचे पैसे वसूल झाले, असे आमचे सीए म्हणतात. मी तितका उदार नाही, पण त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही.

उधारीच्या बाबतीत मात्र हे सॉफ्टवेअर आमच्या मुलुखात परकेच आहे. आमच्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमारास माल जातो आणि पैसे येतात ते द्राक्षे विकल्यावर, किंवा शेतकरी बेदाणा करणारा असेल तर सौद्यात (लिलावात) बेदाणा गेल्यावर, म्हणजे फेब्रुवारीपासून पुढे केव्हातरी. हा व्यवहार कुठेही लिहिलेला नसतो आणि बहुतेक वेळा बुडतही नाही. सॉफ्टवेअरने मात्र प्रत्येक ग्राहकाला मुळातच ३० दिवसांची मुदत गृहीत धरलेली होती आणि मुदत उलटली की व्हॉट्सॲपवर स्मरणपत्र पाठवण्याची सोय सुरुवातीपासून चालूच ठेवलेली होती. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकगठ्ठा संदेश गेले: ‘आपली रक्कम थकीत आहे. गैरसोय टाळण्यासाठी त्वरित भरणा करावा.’ दहा वाजायच्या आत तासगावकडून पहिला फोन आला. “अवो, घड अजून वाटाण्याएवढं झाल्यात, आन् तुमी तगादा लावला व्हय? तुमच्या वडलानी तरी कधी असं इचारलं न्हवतं.” त्या दिवशी दुकानात दुसरे काम झाले नाही, मी आणि दिवाणजी दोघेही फोनवर समजूत घालत होतो. त्यांपैकी एक घर अजून आमच्याकडे माल घ्यायला आलेले नाही.

आम्ही अर्थातच ती सोय बंद केली. मदत केंद्राकडे विचारणा केली की मुदत दिवसांत न देता तारखेत देता येईल का, म्हणजे ‘३१ मार्चपर्यंत’ अशी. उत्तर आले की तशी सोय नाही, सूचना नोंदवून घेतली आहे. तेव्हा बागायतदारांचा वेगळा गट करून त्याला १८० दिवसांची मुदत लावली. त्यामुळे कोणाचे येणे किती दिवसांचे आहे हे दाखवणारा अहवाल निदान वाचण्याजोगा झाला, पण जूनमध्ये माल नेलेला आणि ऑक्टोबरमध्ये नेलेला यांचे पैसे एकाच वेळी येणार आहेत, हे त्या अहवालाला आजही ठाऊक नाही. दिवाणजींनी याच्यासाठी गाववार एक वही ठेवली आहे, आणि वसुलीला निघताना आम्ही तीच घेऊन निघतो.

देण्याच्या बाजूला याच मुदतीच्या हिशेबाचा उलट उपयोग होतो, हे सांगायला हवे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. नाहीतर प्राप्तिकर कायद्याप्रमाणे तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देऊ त्याच वर्षी वजा मिळतो. आमचे फिटिंग बनवणारे काही पुरवठादार याच वर्गातले आहेत. त्यांच्या खात्याला तशी खूण केली की कोणाचे किती दिवस उरले हे रोज सकाळी पहिल्याच पडद्यावर दिसते. अर्थात दिसल्याने पैसे उभे राहत नाहीत. शेतकरी मार्चमध्ये देणार आणि कारखानदाराला ४५ दिवसांत द्यायचे, ही कात्री आहे तशीच आहे.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगतो. बँकेच्या नोंदी आपोआप येण्याची सोय मोठ्या बँकांसाठी आहे. आमचे मुख्य खाते सहकारी बँकेत असल्याने दर आठवड्याला उतारा उतरवून एक्सेलच्या नमुन्यात बसवून चढवावा लागतो. यूपीआयचे पैसे शेतकऱ्याच्या मुलाच्या किंवा जावयाच्या नावाने येतात, त्यामुळे ते कोणाच्या खात्यात जमा करायचे हे माणसालाच ठरवावे लागते. वीज गेली तर आता अडत नाही, कारण लॅपटॉप आणि मोबाइलचे नेट पुरते. नेट गेले तर मात्र बिलच निघत नाही, आणि रस्ता खोदून फायबर तोडण्याचा उद्योग आमच्या भागात बारमाही चालतो. त्यासाठी छापील बिलबुक वेगळ्या मालिकेने ठेवले आहे. मराठीतून बिल देता येते असे जाहिरातीत म्हटले होते. प्रत्यक्षात पडद्यावर अक्षर नीट दिसते आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरे तुटतात. अनुदानाच्या प्रस्तावाला जोडायच्या बिलावर शेतकऱ्याचे नाव नीट असावे लागते, म्हणून आम्ही निमूटपणे इंग्रजीवरच आहोत.

कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग सॉफ्टवेअर ठेवते. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. आमच्यासारख्या एकल मालकीच्या दुकानाला ती सक्ती नाही. तरीही दिवाणजींना सुरुवातीला हा स्वतःवरचा अविश्वास वाटला. पुढे एकदा रोजमेळ जुळेना, तेव्हा काउंटरवरून दुपारी रद्द झालेले बिल त्यांनी त्या नोंदीतूनच शोधून काढले, आणि तेव्हापासून दुकान बंद करण्यापूर्वी ती यादी ते स्वतः पाहतात. लाल पुठ्ठ्याची रोजमेळाची वही मात्र त्यांनी सोडलेली नाही, आणि मीही आग्रह धरलेला नाही. लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायला काहीतरी हवेच.

सध्या नूतनीकरणाचे दरपत्रक समोर आहे. पहिल्या वर्षीची सवलत गेली आहे आणि प्रत्येक वाढीव वापरकर्त्याचे वेगळे पैसे आहेत. वर्गणीवरच्या १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळते, एवढाच दिलासा. पैशांपेक्षा मला दुसरी काळजी अधिक वाटते. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि वर्गणी थांबली की लॉगिन थांबते. म्हणून नूतनीकरणाआधी सगळी माहिती उतरवून पाहिली. खाती, बिले आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) एक्सेलमध्ये व्यवस्थित उतरली. खरेदीच्या बिलांचे जोडलेले फोटो मात्र एकेक करून घ्यावे लागतात, आणि बदलांचा माग तर बाहेर काढताच येत नाही. तीन वर्षांची वर्गणी एकदम भरल्यास मोठी सूट देऊ केली होती. आम्ही एकाच वर्षाचे पैसे भरणार आहोत, सीएंचे लॉगिन ठेवून काउंटरवरचे एक कमी करणार आहोत, आणि खरेदीची बिले यापुढे सॉफ्टवेअरला जोडण्याआधी आमच्याच डिस्कवर महिनावार फोल्डरमध्ये ठेवणार आहोत. ती डिस्क माडीवरच असेल.