महापालिकेचं तक्रार ॲप: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दिव्यांसाठी पाचपैकी चार तारे, कचऱ्यासाठी तीन, रस्त्यांसाठी दोन आणि पाण्यासाठी जेमतेम एक. ॲप तेच, महापालिका तीच, तरी गुण इतके वेगळे. कारण ॲप फक्त तक्रार पोहोचवतं. ती सुटते की पडून राहते, हे त्या कामाचे पैसे कोणाला आणि कशाच्या हिशेबाने मिळतात यावर ठरतं. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत एकोणीस-वीसचाच फरक निघेल.

आधी ॲपबद्दल. नोंदणी मोबाइलच्या ओटीपीवर दोन मिनिटांत होते. तक्रारीला फोटो दोनच जोडता येतात, ते दोन्ही वापरावेत. पहिला लांबून, ज्यात दिव्याच्या खांबाचा क्रमांक किंवा दुकानाची पाटी दिसेल. दुसरा जवळून, शेजारी फूटपट्टी किंवा चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळतो. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला नसावा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली जागेची माहिती पुसली जाते. मग नकाशावरची टाचणी सोसायटीच्या गेटवर पडते आणि 'जागेवर समस्या आढळली नाही' असा शेरा मारायला निमित्त मिळतं. वर्णनात चारच गोष्टी लिहाव्यात: नेमकी जागा, माप, कधीपासून आणि काय करून हवं. 'प्रशासन झोपलंय का' हे वाक्य कनिष्ठ अभियंत्याला काहीच सांगत नाही.

खरी गोम प्रवर्ग निवडण्यात आहे. खड्डा दिसला की सगळे 'रस्ते' निवडतात, आणि पुष्कळ तक्रारी तिथेच मरतात. खड्डा आधी वाचावा लागतो. रस्त्याच्या लांबीच्या दिशेने किंवा आडवा, सरळ कडांचा, दोन-तीन फूट रुंद पट्टा खचला असेल तर ती खोदाई आहे. जलवाहिनी, गॅस किंवा केबलसाठी चर खणला, माती थरांत न दाबता भरली, वर डांबर ओतलं आणि पहिल्या पावसात पट्टा बसला. ही तक्रार खोदाई पुनर्भरणाखाली, ज्यांनी खणलं त्यांच्या नावावर जायला हवी. झाकणाभोवती गोल खड्डा असेल तर काम ड्रेनेजचं: चेंबरची उंची रस्त्याच्या नव्या थराशी जुळवलेली नसते, चाकांचे दणके बसून कडेचं डांबर सुटतं. वेड्यावाकड्या कडांचा, दरवर्षी त्याच जागी पडणारा खड्डा म्हणजे तिथे पाणी साचतं. डांबर आणि पाणी यांचं वैर जुनं. तिथे उतार काढल्याशिवाय किंवा पावसाळी जाळी साफ केल्याशिवाय कितीही कोल्ड मिक्स (न तापवता भरायचं डांबर-खडीचं मिश्रण) भरलं तरी महिनाभरात येरे माझ्या मागल्या.

चुकीच्या खात्यात गेलेली तक्रार 'वर्ग' होते, म्हणजे दुसऱ्या खात्याकडे पाठवली जाते. वर्ग झाली की मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, ही या ॲपमधली सर्वांत मोठी खोट. दुसरी खोट 'निकाली' या शब्दाची. काम झालं, काम अंदाजपत्रकात घेतलं, काम दुसऱ्याचं आहे, या तिन्हीला एकच शिक्का. निकाली आल्यावर दोन दिवसांत जागेवर जाऊन पाहावं आणि काम झालं नसेल तर तीच तक्रार 'पुन्हा उघडा'वर टाकावी. पुन्हा उघडलेली तक्रार वरच्या अधिकाऱ्याच्या यादीत दिसते. नवी टाकली तर ती परत पहिल्या पायरीवर.

रस्त्यांना दोन तारे दिले त्यातला एक न्यायालयामुळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा, आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. त्यानंतर तक्रारीला मिळणाऱ्या टोकन क्रमांकाचं वजन बदललं. 'आम्हाला कळवलंच नव्हतं' म्हणायची वाट त्या क्रमांकाने बंद होते, म्हणून अपघात होण्याआधीची तक्रार आणि तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवण्यासारखा आहे.

दिव्यांचं काम सरळ आहे, कारण देखभालीचं कंत्राट एकाकडे आणि दिवा बंद राहिला तर बिलातून दंड कापायची अट. एकच दिवा बंद असेल तर फिटिंग किंवा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा आतला भाग. अख्खी ओळ बंद असेल तर फीडर पिलर, म्हणजे त्या ओळीला वीज देणारी रस्त्याकडेची पेटी. भर दुपारी ओळ चालू असेल तर टायमर किंवा कॉन्टॅक्टर (ओळ चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला. यातलं काय ते आणि खांबाचा क्रमांक लिहिला की गाडी योग्य सामान घेऊन येते.

पाण्यात ॲप जवळजवळ निरुपयोगी. 'पाणी कमी येतं' याला माप नाही, आणि पाणी सोडायच्या वेळा व्हॉल्व्हमनच्या हातात. तक्रार पाहायला माणूस येतो तेव्हा पाणी गेलेलं असतं. त्यामुळे माप आपणच घ्यायचं. सोसायटीच्या टाकीत पडणाऱ्या पाइपाखाली १५ लिटरची बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते पाहावं: पाणी आल्यावर दहा मिनिटांनी, मधल्या वेळी आणि जाण्याआधी. ३० सेकंद लागले तर मिनिटाला ३० लिटर. असा आठवडाभराचा तक्ता आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे आकडे जोडले की चित्र स्पष्ट होतं. सगळ्यांचा प्रवाह एकदम घटला असेल तर दोष मुख्य वाहिनीचा, व्हॉल्व्हचा किंवा टाकीच्या पातळीचा. एकाच सोसायटीचा घटला असेल तर तिच्या नळजोडाची जीआय पाइप गंजून आतून बुजलेली, आणि तो खर्च सोसायटीचा. हे न तपासता महापालिकेला शिव्या घालणारे बरेच असतात.

गढूळ पाण्याचंही तसंच. पहिली पाच-दहा मिनिटं घाण वास आणि नंतर स्वच्छ, असं असेल तर बहुधा नळजोड गटारातून किंवा त्याच्या लगत गेलेला आहे आणि कुठेतरी फुटलेला आहे. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो आणि बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. दिवसाआड पाणी देणाऱ्या शहरांत हा धोका रोजचाच. अशा वेळी ॲपवर 'गढूळ पाणी' लिहून थांबू नये, ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी मागावी: नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर पाणी पिऊ नये. नळाच्या टोकाशी अवशिष्ट क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. चाचणी नळावर घ्यायची. टाकीतल्या पाण्यावर घेतली तर निकालाचा उपयोग नाही.

आता कचरा आणि त्याच्या ओघाने पगार, कारण सोसायट्यांच्या बैठकीत आवाज इथेच चढतात. 'एवढा पगार घेतात आणि झाडत नाहीत' हे वाक्य दर बैठकीत येतं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातल्या कलम ४ नुसार प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचं असतं, त्यामुळे अंदाज बांधायची गरज नाही. राज्याच्या सातव्या वेतन आयोगात सर्वांत खालची एस-१ श्रेणी १५,००० ते ४७,६०० रुपये मूळ वेतनाची. त्यावर ५० टक्क्यांच्या पुढे गेलेला महागाई भत्ता, शिवाय घरभाडं. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या कायम सफाई कामगाराचा आकडा खरोखर चांगला असतो, आणि १ नोव्हेंबर २००५ आधी लागलेल्याला जुनं निवृत्तिवेतनही.

पण सकाळी गल्लीत झाडू घेऊन दिसणारी व्यक्ती बहुधा ती नसते. ती ठेकेदाराची. तिला किमान वेतन, त्यातून १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी आणि वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ०.७५ टक्के ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापून. एकाच रस्त्यावर, एकाच आकाराच्या झाडूला दोन पगार. असं का, याचं उत्तर अंदाजपत्रकात सापडतं. आस्थापना खर्च, म्हणजे कायम कर्मचाऱ्यांवरचा खर्च, महसुली उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरतीला परवानगी मिळणं अवघड. माणूस निवृत्त होतो, जागा रिकामी राहते. ठेक्याचं बिल मात्र आस्थापनेत न धरता साफसफाईच्या शीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या वेगळ्या खर्चाच्या ओळीत) पडतं, म्हणून टक्केवारी छान दिसते आणि माणसं ठेक्यावर येतात. पगारासाठी पैसा कुठून, तेही पाहण्यासारखं आहे: जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर २०१७ पासून राज्याकडून जीएसटीची भरपाई मिळते, दरवर्षी ८ टक्के वाढीच्या हिशेबाने. लहान महापालिकांत ती रक्कम आली की पगार होतात.

ठेक्यातली मेख बिलाच्या मोजमापात असते. टनावर पैसे असतील तर गाडीला वजन हवं. ओला कचरा जड म्हणून त्याला मान, सुका उशिरा उचलला जातो, आणि शेवटी दोन्ही एकाच हौद्यात. आपण घरात डबे वेगळे केले तरी. फेरीवर पैसे असतील तर घंटागाडी वेळेवर येते, पण अर्धी रिकामी पुढे निघून जाते. सोसायटीने ठेकापत्रातलं हे एक वाक्य वाचलं तरी निम्म्या तक्रारींचं कारण कळतं. कचऱ्याच्या तक्रारी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वाढताना दिसल्या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. तो अडला की गाड्या कमी होतात, हजेरी घसरते. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, ठेक्याचा दर मात्र तोच राहतो, आणि फरकाच्या रकमेवरून ठेकेदार आणि खातं यांच्यात ओढाताण चालू होते. ठेकेदाराने पगार थकवला तर मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी महापालिकेवर येते. म्हणून त्या आठवड्यात 'गाडी आली नाही' या तक्रारीसोबत 'मागील महिन्याच्या बिलासोबत भविष्यनिर्वाह निधीचं चलन जोडलं आहे का' असा एक लेखी प्रश्न आरोग्य निरीक्षकाकडे दिला तर हालचाल लवकर होते. शिव्या मुकादमाला घालून काही होत नाही. सकाळी सहा वाजता कोठीवर (हजेरीच्या जागी) दोन माणसं कमी आली की तो आतल्या गल्लीची माणसं मुख्य रस्त्यावर लावतो, कारण साहेबांची गाडी तिथून जाते. तक्रारीत बीट क्रमांक, म्हणजे झाडायला नेमून दिलेल्या पट्ट्याचा क्रमांक, लिहावा. हजेरी त्यावरच लागते.

नेतृत्वाबद्दल थोडक्यात. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. प्रस्ताव ठेवणारा तोच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणाराही तोच. निविदा झटपट निघाल्या हे खरं, पण वर्गीकरणाने एका रस्त्याचा निधी दुसरीकडे गेला तर जाहीर सभेत विचारणारं कोणी नव्हतं. आता नगरसेवक आहेत. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी प्रभागात चार-चार, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. २०१७ च्या निर्णयानुसार मानधन मुंबईत महिना २५,००० रुपये, लहान महापालिकांत १०,०००. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. नगरसेवकाची खरी ताकद अंदाजपत्रकात शीर्ष घालण्यात आहे, पुण्याकडे ज्याला 'स' यादी म्हणतात त्यात. एलईडीचा एक दिवा लावायला त्यांना फोन करणं म्हणजे ॲपचं काम त्यांना देणं. पावसाळी लाइनसाठी तरतूद मागायला मात्र डिसेंबरच्या आत जावं, आयुक्तांचं अंदाजपत्रक छापायला जाण्याआधी.

एक गैरसमज दूर व्हायला हवा. ॲपवरची मुदत आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मधली मुदत एक नाही. जन्म-मृत्यू दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी अशा अधिसूचित सेवा उशिरा मिळाल्या तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, तिसरं आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. खड्ड्याची तक्रार ही अधिसूचित सेवा नसेल तर हे अपील चालत नाही. तिथे माहितीचा अधिकार: १० रुपये, १५० शब्द, एकच विषय, ३० दिवस. 'काम का झालं नाही' असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण ती माहिती नसून मत आहे. मागायचं ते कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची) पानं आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने फुकट करायची असते. अभिलेख पाहायला गेलात तर पहिला तास मोफत.

सध्या वापर असा उरला आहे: दिवे आणि कचरा ॲपवर, रस्ता ॲपवर पण कार्यादेश क्रमांकासह, पाणी थेट क्षेत्रीय कार्यालयात लेखी, प्रवाहाचा तक्ता जोडून. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. पोच देताना शिक्का मारतात, पण आवक क्रमांक पेनाने लिहायचा बहुतेकदा राहून जातो. तो तिथेच खिडकीवर लिहून घ्यावा.