मिरजेतला रविवारचा कुदूरी वर्ग: उश्र झकास, व्यापाराचं प्रकरण घाईत

उर्दू तर्जुमा (अनुवाद) पुढ्यात ठेवून ‘मुख्तसर अल-कुदूरी’ उरकणाऱ्यांतला हा वर्ग नाही. हनफी फिकहचा (इस्लामी कायद्याच्या हनफी शाखेचा) हा मतन, म्हणजे मूळ पाठ, बगदादच्या अल-कुदूरींचा (निधन इ.स. १०३७). वाक्यं आखूड, पण एकेका अक्षरावर मसअला (नियमाचा मुद्दा) फिरतो. म्हणून इथे आधी इबारत: जेर-जबर (स्वरचिन्हं) नसलेली अरबी ओळ विद्यार्थ्यानेच वाचायची, अर्थ नंतर. ‘काल’ म्हणजे एकजण म्हणाला. ‘काला’ म्हणजे दोघं, हनफी शाखेचे प्रवर्तक अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद. शेवटचा अलिफ नजरेतून सुटला की मत कोणाचं हेच बदलतं.

नापाक झालेली विहीर पाक करण्याचे मसअले झटपट, पण चोख. उंदीर मेला तर २० ते ३० पोहरे उपसायचे. शेळी मेली किंवा कुठलाही प्राणी मरून फुगला तर सगळं पाणी. मोजणी मात्र प्राणी बाहेर काढल्यावरच सुरू होते. नवखे नेमके इथे चुकतात.

खरा रंगतो तो उश्र, म्हणजे पिकांवरची जकात (सक्तीचं धार्मिक दान). अबू हनीफांच्या मते पीक थोडं असो वा जास्त, दहावा हिस्सा द्यायचा. सरपण, गवत आणि ‘कसब’ एवढंच वगळून. कोश उघडून ‘कसब’चा अर्थ ऊस लावला, तर आपल्याकडचा अर्धा शिवार सुटेल! ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाने खुलासा केलाय, की हा बोरूच्या जातीचा, उसावर उश्र आहेच. दोघा शिष्यांचं मत वेगळं: टिकणारं पीक हवं आणि ते किमान ५ वसक भरायला हवं (१ वसक म्हणजे ६० साअ; दोन्ही धान्याची जुनी अरबी मापं). पावसावर किंवा वाहत्या पाण्यावर दहावा हिस्सा, मोटेवर किंवा रहाटावर विसावा. कृष्णेवरची लिफ्ट मोटेच्या बाजूला का धरायची, तेही कारणासकट शिकवतात.

तक्रार खरेदी-विक्रीबद्दल. व्याजाचे नियम दोन तासांत गुंडाळले. जिन्स (मालाचा प्रकार) आणि माप (मोजायची पद्धत) दोन्ही एक असतील, तर जादा घेणंही नाही, उधारीही नाही; एकच जुळत असेल, तर जादा चालतं, उधारी नाही. बेदाण्याला बेदाणा आणि बेदाण्याला हळद, एवढी दोन उदाहरणं फळ्यावर मांडली असती तरी पुरे होतं.

झेरॉक्समध्ये शिलाईकडची अक्षरं कापली गेलीत आणि हाशिया (कडेच्या टिपा) तर वाचताच येत नाही. स्वतःची छापील प्रत आणा, जमल्यास ‘अल-लुबाब’ या शरहसकट (भाष्यासकट). वर्षभर सर्फ-नह्व (अरबी व्याकरण) झालेलं नसेल तर यंदा थांबा.