व्हिएतनाम-कंबोडिया चॅरिटी सायकल राईड : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पहिल्यांदा पैशाचं सांगतो, कारण कोल्हापुरात आमच्या तालमीच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न तोच आला होता.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मी पावतीपुस्तक घेऊन कट्ट्यावर गेलो. वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळेला जायला सायकली देणारी आपल्याच भागातली एक संस्था आहे, तिच्यासाठी निधी गोळा करायचा आणि त्या निमित्ताने हो ची मिन्ह सिटी ते सिएम रीप अशी सायकल राईड करायची, असं सगळं पाठ करून गेलो होतो. सत्तरी ओलांडलेले आमचे एक वस्ताद तिथं बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे परदेश तू बघणार आन् वर्गणी आम्ही भरायची व्हय रं?"

सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. वस्तादांचं खरंच होतं. आयोजकांच्या माहितीपत्रकात दोन पर्याय होते. एकात तुम्ही ठरावीक किमान निधी गोळा करायचा, त्यातूनच तुमचा राईडचा खर्च वळता होणार आणि उरलेलं संस्थेला जाणार. दुसऱ्यात राईडचा खर्च स्वतःच्या खिशातून, आणि जमलेली पै न् पै संस्थेला. मी पहिला पर्याय घेतला होता. माहितीपत्रकात 'सहल मोफत' हे मोठ्या अक्षरात आणि 'निधीतून वळती' हे खाली बारीक अक्षरात होतं, पण वाचलं नव्हतं ते मीच.

पर्याय बदलून द्या म्हणून मेल केला, तर तीन आठवडे उत्तर नाही. शेवटी बदलून दिला, पण 'बदलाचे' दहा हजार कापले. तेवढ्यासाठी आयोजकांना माझ्याकडून वजा गुण. बाकी राईडवरची त्यांची व्यवस्था चोख होती, तेही सांगितलं पाहिजे.

माझा हिशेब असा : राईडचं शुल्क १,४५,०००, त्यावर तेव्हाच्या दराने पाच टक्के टीसीएस, म्हणजे परदेश सहलीवर आयोजक आगाऊ घेतात तो कर, ७,२५० (हे रिटर्न भरताना जमेला धरता येतात, सीएला आठवण करा), विमानाचे ३२,०००. हे सगळं माझं. लोकांकडून जमले २,३१,०००, ते थेट संस्थेच्या खात्यावर. ५,५०० ला एक याप्रमाणे ४२ सायकली आल्या. ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची पावती हवी असणाऱ्यांना आधीच सांगा, की दोन हजारांच्या वर रोख दिली तर सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर मुळातच मिळत नाही. नाहीतर मार्चमध्ये लोक तुम्हालाच फोन करतात. वस्तादांनी दुसऱ्यांदा गेल्यावर १,००१ दिले. "आता कसं," एवढंच म्हणाले.

सरावाबद्दल फार लिहीत नाही. रस्ता तिकडे सपाट आहे, मेकाँग नदीच्या खोऱ्यात चढ म्हणजे फक्त पूल. आपल्या जोतिबाच्या चढावर ज्याने दोन-चार रविवार घाम गाळलाय त्याला अंतराची भीती नको. खरी परीक्षा बुडाची असते. रोज सत्तर किलोमीटर, सलग सहा दिवस. मी पन्हाळ्याला महिन्यातून चारदा जायचो आणि स्वतःला लई भारी समजायचो. सलग दोन दिवस गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे गावापर्यंत जाऊन-येऊन केलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी ऑफिसात उभ्याने काम केलं. एक सावधगिरी मात्र सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पहाटे मागच्या दिव्याशिवाय चाललेला असतो. सराव उजाडल्यावरच करा.

आता साहित्य. आठ महिने वापरून झालंय, म्हणून ठामपणे बोलतो.

पॅडवाल्या शॉर्ट्स दोन घ्या, बऱ्यापैकी दर्जाच्या. आत काहीही घालायचं नाही. हे दुकानदार लाजेखातर सांगत नाही आणि आपण लाजेखातर विचारत नाही, मग शिवणीने जांघ सोलून निघते. माझी स्वस्तातली जोडी आता पापडासारखी झालीय, बरी घेतलेली अजून रविवारी चालते. सीटवर घालायचं ते जेलचं गुबगुबीत कव्हर घेऊ नका. मऊ लागतं म्हणून आपण फसतो, पण त्यात माणूस रुततो आणि हाडांवर यायचं वजन नको तिथं येतं. मी घरून स्वतःची सीट काढून नेली होती. सायकल आयोजकांची, सीट माझी. विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा तो अधिकारी माझ्याकडे आणि सीटकडे आळीपाळीने बघत होता. पण ग्रुपमध्ये चौथ्या दिवशी जे दोघे-तिघे नीट बसू शकत होते, त्यात मी होतो. सीटची रुंदी कशी ठरवायची? नालीदार पुठ्ठ्यावर गच्च बसायचं, बुडाच्या दोन हाडांचे खड्डे उमटतात, त्यांच्यातलं अंतर मोजायचं. आमच्या घरी हा प्रयोग चालू असताना सासूबाई आल्या, ते जाऊ दे.

ब्रेक. हे कुणीच सांगत नाही, म्हणून सविस्तर. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. मला तिथं मिळालेल्या सायकलीला डाव्या हाताला पुढचा होता. वाहतूकही उजवीकडून. पहिल्या दिवशी सूचना देताना सांगितलं होतं, मान डोलावली होती. दुसऱ्या दिवशी मेकाँगच्या खोऱ्यातल्या बेन त्रेमध्ये, नारळीच्या बागांमधून जेमतेम दीड-दोन मीटर रुंदीचा काँक्रीटचा रस्ता, समोरून मोपेडवर नारळाचे घड लादून एक बाई आली. घाबरलो की हात जुन्या सवयीने चालतो. मागचा समजून डावा दाबला, पुढचं चाक थांबलं, आणि मी हँडलवरून थेट रस्त्याकडेला रचलेल्या नारळाच्या सोडणांच्या ढिगात. त्या भागात काथ्यासाठी सोडणं अशी जागोजागी रचलेली असतात, हे माझं नशीब. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. बाईने गाडी लावली, मला वर ओढलं, सायकल उभी केली आणि मग पोट धरून हसली. त्या दिवसापासून डाव्या ब्रेकला मी चिकटपट्टी गुंडाळली. बोटाला खरखरीत लागलं की आठवण होते. आरसा वापरत असाल तर तोही काढून डावीकडे लावा.

तो दिवस १४ जानेवारी, म्हणजे संक्रांत. मी डब्यातून तिळगूळ नेला होता. वाटाड्याला दिला, त्याने कडाकडा चावून खाल्ला आणि बदल्यात बेन त्रेची नारळाची वडी दिली. आत पातळ कागद चिकटलेला. मी नखाने कोरून काढत बसलो, निघेचना. तो म्हणाला, खा की, तांदळाचा आहे.

आणखी एक योगायोग. तो त्यांच्या चांद्र महिन्याचा पंधरावा दिवस होता. बौद्ध मंडळी पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात. आमच्यातल्या दोन शाकाहारी मंडळींचे आदले दिवस भात आणि केळ्यांवर गेले होते, त्या दिवशी त्यांची चंगळ. शब्द लक्षात ठेवा : 'चाय'. आपला चहा नव्हे, शाकाहार. नुसतं 'भाजी द्या' म्हटलं तर भाजीच येते, पण माशाच्या सॉसमध्ये परतलेली. मला काही अडचण नव्हती, मी सगळं खाणारा. तरी पाचव्या दिवशी तांबड्या रश्श्याच्या आठवणीने जीव कासावीस झाला होता. ऊसाचा रस मात्र जागोजागी. ऊसाबरोबर चरकात एक बोराएवढं आंबट फळ घालतात, संत्र्याच्या जातीचं. चव झकास, पण बर्फ फार आणि दाटपणा कमी. आपल्या गुऱ्हाळावरच्या रसाशी बरोबरी नाही, आणि हे मी कोल्हापूरचा म्हणून म्हणत नाहीये. बरं, म्हणतोय.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरचा. फॉर्ममध्ये कुठून शिरणार आणि कुठून बाहेर पडणार हे भरावं लागतं. आम्ही चाउ डॉकहून बोटीने, नदीवरच्या नाक्यातून कंबोडियात जाणार होतो. एकाने सवयीने विमानतळ भरला आणि परत २५ डॉलर घातले. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण कोपरा फाटलेली नोट कुणी घेत नाही, कोऱ्या न्या. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केलीय, बेन त्रे आता विन्ह लाँगमध्ये गेलाय, तेव्हा जुन्या आणि नव्या नकाशात घोळ होईल. आणि जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली, त्यामुळे आत्ता बुकिंग करणाऱ्यांनी आधी परिस्थिती बघावी. आम्ही गेलो तेव्हा सगळं शांत होतं. तरी कंबोडियातल्या खेड्यांत वाटाड्याचा एक नियम कडक होता : मळलेली वाट सोडून झाडीत जायचं नाही, लघवीलाही नाही. जुन्या युद्धांत पेरलेले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत.

शेवटचा दिवस सिएम रीपजवळच्या अंगकोरचा, म्हणजे तिथल्या प्राचीन मंदिरांचा. त्यातल्या अंगकोर थोम या जुन्या राजधानीची तटबंदी आठ मीटर उंच, प्रत्येक बाजू साधारण तीन किलोमीटर, आणि तटावरून पायवाट आहे. पहाटे त्या वाटेवर सायकली घातल्या. एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला गच्च झाडी, टायरखाली वाळलेली पानं. सहा दिवसांत पहिल्यांदा कुणी बोलत नव्हतं. पन्हाळ्याच्या तटावरून अशी सायकल घालायची मनात फार दिवस आहे, पण तिथं शनिवार-रविवारी गाड्यांचीच तटबंदी असते.

अंगकोरच्या एक दिवसाच्या पासला ३७ डॉलर पडतात. त्यातले २ डॉलर कंथा बोफा या मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात, हे मला तिथं कळलं. ही रुग्णालयं १९९२ पासून पुन्हा उभी करणारे डॉक्टर बेआट रिश्नर स्विस होते. ते सिएम रीपच्या रुग्णालयात शनिवारी संध्याकाळी स्वतः चेलो वाजवायचे आणि जमलेल्या पर्यटकांकडे सरळ पैसे मागायचे. तरुणांनी रक्त द्या, म्हाताऱ्यांनी पैसे द्या, मधल्यांनी दोन्ही द्या, अशी त्यांची मागणी. २०१८ मध्ये ते वारले. मला वस्ताद आठवले. या माणसाला त्यांनी 'आम्ही का द्यायचं' विचारलं नसतं.

आता सायकलींचं. इथं माझं मत आठ महिन्यांत बदललंय.

जूनमध्ये शाळा सुरू होताना ४२ सायकली वाटल्या. फोटो झाले, हार झाले, माझंही भाषण झालं. मग १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या निमित्ताने गगनबावड्याकडच्या त्या शाळेत परत गेलो. पाऊस तर विचारू नका. शाळेच्या पडवीत सायकली मोजल्या, ३३. बाकीच्या नऊ कुठं म्हणून वाडीवर गेलो. एक थोरल्या भावाने दुधाच्या किटल्या न्यायला घेतली होती. दोनचे ब्रेक गंजून धरले होते. सहा नुसत्या भिंतीला टेकवून, हवा गेलेल्या. पंक्चर असेल म्हणून मी पाटीत पाणी घेऊन ट्यूब बुडवली, तर बुडबुडे नाहीत. आठवीतली एक पोरगी शेजारी उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, "काका, वालट्यूब बघा की." व्हॉल्व्हची टोपी काढली तर ती इवलीशी रबरी नळी तुकडे होऊन हातात आली. सहापैकी पाच सायकलींचं तेच. एक-दोन रुपयांची वस्तू, पण दुकान बाजाराच्या गावात, आणि तिथं जायला सायकलच लागते. हवा भरायचा पंपही वाडीत एकच, तो एका मोटारसायकलवाल्याकडे, आणि त्याचा वॉशर गेलेला.

जमवलेल्या पैशात एक पंप आणि वालट्यूबचं एक पुडकं धरलं असतं तर एक सायकल कमी झाली असती, एवढंच. ते ना आयोजकांना सुचलं, ना संस्थेला, ना मला, आणि मी तर बुडाची हाडं पुठ्ठ्यावर मोजत बसलो होतो.

त्या पोरीला सायकलींच्या वालट्यूब बसवता येतात, हे मी स्वतः बघितलं. तोंडात ओली करून सरकवते, दहा सेकंदात. तिच्याकडे शंभराचं पुडकं देऊन ठेवलंय. पुढच्या राईडचे मेल येत आहेत, अजून ठरवलेलं नाही. येत्या रविवारी पाना-पक्कड, तेलाची बाटली आणि दोन पंप घेऊन परत तिकडे निघालोय, सकाळी सातला फुलेवाडी नाक्यावरून. कुणाकडे जुना पायाने दाबून धरायचा उभा पंप माळ्यावर पडून असेल तर घेऊन या, वॉशर मी बदलतो.