ब्रेस्ट एमआरआयला डिक्सन: सात महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीत दीड टेस्ला ताकदीच्या मशीनवर कॉन्ट्रास्ट ब्रेस्ट एमआरआयसाठी फॅट-सॅट (चरबीची फ्रिक्वेन्सी हेरून तिचा सिग्नल दाबणं) सोडून डिक्सन (पाणी आणि चरबीच्या इमेज वेगळ्या काढणं) सुरू केलं, त्याला सात महिने झाले. काखेतल्या गाठींसाठी तरी आता मागे फिरणं नाही.

पाणी आणि चरबीच्या फ्रिक्वेन्सीत दीड टेस्लाला फरक जेमतेम 220 हर्ट्झचा. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत हवा लागून असते, चुंबकीय क्षेत्र बिघडतं, आणि फॅट-सॅट चरबी सोडून पाणीच दाबतं. डिक्सन दोन एको, म्हणजे दोन वेगळ्या वेळांचे सिग्नल, घेतं. साधारण 2.3 मिलिसेकंदाला पाणी आणि चरबीचा सिग्नल एकमेकांविरुद्ध (अपोज्ड), 4.6 ला एकत्र (इन-फेज). बेरीज-वजाबाकी करून वॉटर आणि फॅट इमेज वेगळ्या निघतात, क्षेत्राची चूकही त्यातच हिशोबात धरली जाते. दोन एकोंमुळे वेळ मात्र वाढतो. कॉन्ट्रास्ट देऊन लागोपाठ घेतलेल्या फेऱ्यांपैकी (डायनॅमिक) एक फेरी, म्हणजे फेज, 90 सेकंदांत बसवाच, नाहीतर गाठ उजळण्याचा चढ हुकतो आणि भोवतालची ग्रंथी उजळू लागते. कॉन्ट्रास्टचा डोस नेहमीचाच: किलोला 0.1 मिलिमोल, म्हणजे अर्ध्या मोलरचं औषध 60 किलोला 12 मिली, सेकंदाला 2 मिली, मागून 20 मिली सलाईन.

खरी डोकेदुखी पाणी-चरबीच्या अदलाबदलीची. दोन स्तनांच्या मध्ये हवा असल्याने सिग्नलच्या फेजचा (लहरीच्या कोनाचा) हिशोब पलीकडे नेताना सॉफ्टवेअर चुकतं आणि त्या बाजूच्या वॉटर इमेजमध्ये चरबी येते: ग्रंथी काळी, भोवती पांढरंशुभ्र. अख्खी बाजू उलटली तर लगेच कळतं. काखेतला पेरभर तुकडा, तोही फक्त कॉन्ट्रास्टनंतरच्या फेजमध्ये उलटला, तर सबट्रॅक्शनवर (कॉन्ट्रास्टनंतरच्या इमेजमधून आधीची वजा करून) तो हुबेहूब उजळलेल्या गाठीसारखा दिसतो! म्हणून इन-फेज, अपोज्ड, वॉटर, फॅट चारही इमेज पॅक्सवर (इमेज साठवण्या-बघण्याच्या सिस्टिमवर) पाठवा. शंका आली की तोच स्लाइस फॅटवर उघडा. हरवलेलं पाणी तिथे सापडतं.

शिम बॉक्स (ज्या भागात मशीन क्षेत्र एकसारखं करतं तो) दोन्ही स्तनांवर घ्या, हृदय आणि फुप्फुसं शक्य तितकी बाहेर ठेवा. स्तन कॉइलमध्ये (सिग्नल पकडणाऱ्या साच्यात) सरळ लोंबायला हवेत, घडी नको. मंगळसूत्राला किंवा बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन दोनदा विचारून काढून घ्या. एवढीशी पिन अर्धी बाजू खाते. डिफ्युजन (पाण्याची हालचाल टिपणारा सिक्वेन्स) डायनॅमिकच्या नंतर ठेवा, कारण त्याने ग्रेडियंट कॉइल तापल्या की फ्रिक्वेन्सी सरकते.

सिलिकॉन इम्प्लांटच्या गळतीसाठी डिक्सनवर विसंबू नका, वेगळा सिक्वेन्स लागतो.

किनाऱ्यावरच्या सेंटरांनी कॉइलच्या प्लगकडेही बघावं. खाऱ्या दमट हवेने पिनांवर थर चढतो, एका बाजूचा सिग्नल पडतो, आणि पडलेल्या सिग्नलवर अदलाबदल जास्त होते.