फोटो दिसत होते, फाइली नव्हत्या

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फोटोंच्या बॅकअपसाठी पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची छोटी डिस्क, घ्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा. नावाजलेल्या कंपनीच्या सीलबंद खोक्यात, बिलासकट नकली माल विकला जातोय. तो नकली आहे हे कळेपर्यंत फोटो गेलेले असतात. माझे गेले.

मी ऐरोलीला राहते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तेव्हापासून कधी ऐरोलीहून बोटीने, कधी नेरूळच्या डीपीएस तलावाच्या काठावरून, मी हे पक्षी टिपत आले. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ फाइल, २५-३० एमबीची असते. थवा उडाला आणि शटरवर बोट दाबून धरलं की बघता बघता एक जीबी भरतो. लॅपटॉपच्या ५१२ जीबीत हे किती दिवस मावणार? म्हणून ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला एका दुकानातून २ टीबीच्या दोन एसएसडी घेतल्या. एक घरी ठेवली, दुसरी बहिणीकडे डोंबिवलीला. निवडक फोटो छोट्या आकारात गुगल फोटोजवर होतेच. पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आपल्याला पाठ असतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. इतर दुकानांपेक्षा हजार-बाराशेचा फरक, एवढाच. दुकानदाराने माझ्यासमोर सील फोडलं, आपल्या लॅपटॉपला जोडून २ टीबी दिसतात हे दाखवलं, एक पिक्चर कॉपी केला आणि लगेच चालवूनही दाखवला. "कंपनीचा माल आहे ताई, डोळे झाकून न्या."

तो पिक्चर चालणारच होता, आणि खरी मेख तिथेच आहे. या नकली डिस्कमधल्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत जागा असते ६४ जीबी, कॉम्प्युटरला तो सांगतो २ टीबी. पहिले ६४ जीबी नीट लिहिले जातात. त्यापुढचं काही डिस्क जुन्यावरच लिहितात, काही सरळ टाकून देतात. फाइलींची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, त्यामुळे नाव, तारीख, आकार सगळं जागच्या जागी दिसतं. कॉपी करताना एररही येत नाही. नुकतीच कॉपी केलेली फाइल उघडली तर तीही बहुतेक वेळा उघडते, कारण कॉम्प्युटर ती स्वतःच्या रॅममधूनच, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतून, देत असतो.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड आली. लाइटरूम हा फोटो सांभाळायचा आणि सुधारायचा प्रोग्रॅम प्रत्येक फोटोचा प्रीव्ह्यू लॅपटॉपवर साठवून ठेवतो. एसएसडीवर काहीही नसलं तरी स्क्रीनवर फोटो छान दिसत राहतात. मी अधूनमधून जुने फोल्डर उघडून बघत होते, ते अगदी व्यवस्थित उघडायचे, कारण पहिल्या ६४ जीबीत, म्हणजे दोनेक हजार फोटोंत, तेच होते. दोन्ही डिस्कवर मी एकाच क्रमाने कॉपी केली होती. त्यामुळे दोन्हीकडे तेच वाचले आणि दोन्हीकडे तेच गेले.

सोसायटीच्या कॅलेंडरसाठी मोठी प्रिंट हवी होती, तेव्हा हे उघडं पडलं. एक्स्पोर्ट करायला गेले तर फाइल वाचता येत नाही असा मेसेज. दुसरी फाइल, तिसरी, तेच. घाईघाईने डोंबिवलीहून दुसरी डिस्क मागवली. तीवरही तेच. भाच्याने एक फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून दाखवली. आकार बरोबर २८ एमबी, आणि आत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नुसती शून्यं. आईला पहिल्यांदा बोटीतून खाडीत नेलं होतं, त्या दिवसाच्या फोल्डरमध्येही शून्यंच. आई आता नाही.

यानंतर दुसरी फसवणूक होता होता राहिली, आणि तिच्याबद्दल मला जास्त चीड आहे. वाशीतल्या एका रिकव्हरीवाल्याने डिस्क हातातही न घेता फोनवरच सांगितलं, "नव्वद टक्के डेटा निघेल, आधी निम्मे पैसे भरा." जो डेटा कधी लिहिलाच गेला नाही, तो जगातली कुठलीही लॅब काढून देऊ शकत नाही. घायकुतीला आलेल्या माणसाला अशी आशा दाखवून पैसे काढणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. ठाण्यातल्या दुसऱ्या एका तंत्रज्ञाने पैसे न घेता माझ्यासमोर डिस्क उघडली. आत एक छोटा सर्किट बोर्ड, त्याला गोंदाने चिकटवलेलं मायक्रो एसडी कार्ड आणि हाताला वजन लागावं म्हणून बसवलेली लोखंडी पट्टी. "ताई, यात काढण्यासारखं काही नाही, कुणालाही पैसे देऊ नका," एवढंच तो म्हणाला. या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

थोडंफार हाती लागलं ते लाइटरूमच्या स्मार्ट प्रीव्ह्यूमुळे, म्हणजे तो लॅपटॉपवर ठेवतो त्या छोट्या प्रतीमुळे. मूळ फाइल नसली तरी त्यातून लांब बाजूला २५६० पिक्सेलचा फोटो एक्स्पोर्ट होतो. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटला तो पुरत नाही, पण चेहरे ओळखू येतात. तुम्ही लाइटरूम क्लासिक वापरत असाल तर इम्पोर्ट करताना स्मार्ट प्रीव्ह्यूची खूण आजपासूनच करत चला.

दुकानदाराने आधी हात वर केले: "आम्ही बंद खोका विकतो, आतलं कंपनीला विचारा." कंपनीने कळवलं की सीरियल नंबर खरा आहे, पण तो दुसऱ्याच डिस्कचा. म्हणजे वेबसाइटवर नंबर टाकून बघणंही पुरेसं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवल्यावर डिस्कचे पैसे परत मिळाले. फोटोंच्या नुकसानीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे, त्याचा निकाल यायचाय. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे लक्षात असू द्या.

नवी डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आणलं की एकही फोटो टाकण्याआधी ते पूर्ण भरून परत वाचून बघा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि मॅक किंवा लिनक्सवर एफथ्री हे फुकट प्रोग्रॅम नेमकं हेच करतात. २ टीबीला कित्येक तास लागतील, रात्री लावून झोपा. मधली एखादी फाइल उघडून बघण्याने काही कळत नाही. विंडोजमध्ये २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसते, त्याने घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला १५-२० एमबीवर रेंगाळत असेल आणि दुकानदार केबलला दोष देत असेल, तर तिथेच थांबा. दोन प्रती ठेवणार असाल तर डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. ज्यांनी आधीच घेतल्या आहेत, त्यांनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून, सगळ्यात शेवटी टाकलेल्या फोल्डरमधली मूळ रॉ फाइल पूर्ण उघडून तपासावी. कॅमेऱ्यातलं कार्ड तोवर फॉरमॅट करू नका. खोका, बिल आणि पैसे दिल्याचा मेसेज जपून ठेवा, तक्रार करताना हे तिन्ही मागतात.