फायरफॉक्सची हिस्ट्री: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथवरचं जॉबवर्क चालतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गेल्या पावसाळ्यापासून फायरफॉक्स हा ब्राउझर वापरतोय, आणि तो मनात भरला तो हिस्ट्रीमुळं, म्हणजे बघितलेल्या पानांच्या यादीमुळं.

क्रोममध्ये कॉम्प्युटरवरची हिस्ट्री ९० दिवस राहते. रोजच्या कामाला तेवढी बास होते. पण काही पानं वर्षातून एकदाच लागतात. पंचगंगा चढायला लागली की राजाराम बंधाऱ्याची पातळी सारखी बघावी लागते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. माल कुठल्या रस्त्यानं पाठवायचा ते त्यावरच ठरतं. गेल्या जुलैत ज्या पानावर आकडे लवकर यायचे, ते यंदा जूनमध्ये लगेच सापडलं. फायरफॉक्समध्ये दिवसांची अशी मुदत नाही. कॉम्प्युटरच्या ताकदीप्रमाणं तो मर्यादा ठरवतो आणि ती भरली की जुन्या नोंदी काढत जातो.

शोधायला अ‍ॅड्रेस बारमध्ये शिफ्ट दाबून ६ वरची टोपी (^) टाकायची, एक स्पेस आणि मग शब्द. फक्त हिस्ट्रीतलंच समोर येतं. परवा ६२०५ बेअरिंग हवं होतं, रबर सीलचं. कुठल्या डीलरच्या पानावर बघितलं होतं ते काही आठवेना. टोपी, स्पेस, ६२०५ एवढ्यावर पान हजर!

मात्र हा शोध पानाचं शीर्षक आणि पत्ता एवढ्यातच होतो, आतल्या मजकुरात नाही. ज्या साइटनं प्रत्येक पानाला 'होम' एवढंच नाव दिलंय, तिथं हा उपाय चालत नाही. मराठी बातमीचं शीर्षक देवनागरीत आणि पत्ता इंग्रजीत असतो, म्हणून मी 'पंचगंगा' दोन्ही लिप्यांत टाकून बघतो.

शब्दच आठवत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एच. मोठी खिडकी उघडते, तिथं महिन्यांप्रमाणं यादी असते. ते काम कधी मशीनवर होतं हे चलनबुकात बघायचं आणि तो महिना उघडायचा. सहा महिन्यांपेक्षा जुनं सगळं एकाच गठ्ठ्यात जातं. तिथं शेवटच्या भेटीच्या तारखेचा रकाना चालू करून क्रम लावावा. तारीख शेवटच्या भेटीचीच दिसते.

यादीत राइट क्लिक केल्यावर 'फर्गेट अबाउट धिस साइट' दिसतं. ते जपून वापरा, त्या साइटची सगळी हिस्ट्री आणि कुकीजही जातात. एकच नोंद काढायची असेल तर 'डिलीट पेज' पुरे. प्रायव्हेट विंडोत बघितलेलं हिस्ट्रीत येतच नाही, तेव्हा कामाची पानं साध्या विंडोतच उघडावीत.

कॉम्प्युटर फॉरमॅट मारायच्या आधी फायरफॉक्स बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. हिस्ट्री आणि बुकमार्क त्यातल्याच 'प्लेसेस डॉट एसक्यूलाइट' या फाइलमध्ये असतात.